तारीख कोणती धरायची?

माझी पाळी अठ्ठावीस दिवसांनी कधीच आलेली नाही. कॉलेजात असल्यापासून ती अडतीस ते बेचाळीस दिवसांच्या अंतराने येते. त्यावर सोनोग्राफी झाली, ‘पीसीओडी’ (अंडाशयात बारीक गाठी दिसून पाळी लांबण्याची तक्रार) असा शेरा मिळाला, वजन आटोक्यात ठेवा असे सांगण्यात आले आणि विषय तिथेच थांबला. लग्नानंतर काही वर्षे आम्हाला मूल नको होते, त्यामुळे या लांबलेल्या अंतराची अडचण वाटण्याचे कारणही पडले नाही. २०२३ च्या आरंभी मात्र आता मूल हवे असे आम्ही दोघांनी ठरवले, आणि तेव्हापासून पुढचे वर्षभर आमच्या घरातले निम्मे बोलणे एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले: दिवस मोजायचे ते कुठून, आणि बाळंतपणाची तारीख कोणती धरायची?

दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडे जायचे, ही गोष्ट आमच्या घरात नवी होती. सासूबाईंना आधी वाटले की काहीतरी दोष निघाला असावा आणि आम्ही तो त्यांच्यापासून लपवत असू. प्रत्यक्षात डॉक्टर मॅडमनी त्या भेटीत फार साध्या गोष्टी केल्या. रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड सुरू केले, कारण बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे पुष्कळ बायकांना पाळी चुकल्याची नीट शंका येते न येते तोवर हे काम उरकलेले असते. औषधाच्या दुकानात मला आधी ५ मिलिग्रॅमची गोळी मिळाली. ती जास्त ताकदीची गोळी मधुमेह किंवा फिट्सची औषधे असलेल्यांना, अथवा आधीच्या बाळात मणक्याचा दोष आढळलेला असल्यास द्यायची असते, असे सांगून मॅडमनी ती बदलून आणायला लावली. त्याशिवाय हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, दोघांचे रक्तगट, थॅलेसेमिया आणि सिकलसेल ओळखण्यासाठीची एचपीएलसी तपासणी आणि रुबेलाची प्रतिकारशक्ती, एवढे सगळे एकाच वेळी रक्त देऊन पाहिले. रुबेलाविरुद्धची प्रतिकारशक्ती माझ्यात नव्हती, म्हणून लस घ्यावी लागली, आणि ती घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत असे ठरले. हे गरोदरपणात कळले असते, तर ती लस तेव्हा देताच आली नसती.

आणखी एक काम त्यांनी माझ्याकडे दिले, ते म्हणजे पाळीच्या तारखा लिहून ठेवण्याचे. स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या कालनिर्णयवर गॅस लागल्याची तारीख, दुधाच्या जादा पिशव्या आणि कामवाल्या मावशींचे खाडे लिहिण्याचा रिवाज आमच्याकडे आहे. त्यातच मी एक बारीकशी खूण करू लागले. जूनमध्ये या खुणेचा प्रश्न आला. ९ तारखेच्या संध्याकाळी नुसता डाग दिसला होता आणि १० तारखेच्या सकाळी व्यवस्थित पाळी सुरू झाली. मॅडमच्या सांगण्याप्रमाणे डाग धरायचा नाही, रक्तस्राव नीट सुरू होतो तो पहिला दिवस धरायचा. म्हणून खूण १० जूनला झाली, आणि पुढे प्रत्येक कागदावर ‘शेवटची पाळी’ या रकान्यात हीच तारीख पडली.

पाळी जुलैच्या वीस तारखेच्या आगेमागे यायला हवी होती. ती आली नाही, आणि आठवडाभर वाट पाहून घरीच केलेल्या तपासणीत दोन रेघा उमटल्या. मॅडमनी १० जून ही तारीख ऐकली आणि प्रसूतीची तारीख काढायची गोल चकती फिरवून सांगितले, १७ मार्च २०२४. हा हिशेब हायडेलबर्ग येथील प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ कार्ल नेगेले (१७७८–१८५१) यांच्या नावाने ओळखला जातो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवायचे, तीन महिने मागे यायचे आणि वर्ष पुढचे धरायचे, की झाली तारीख. त्यामागे २८० दिवसांची, म्हणजे चाळीस आठवड्यांची लांबी गृहीत धरलेली आहे. मात्र महिने सारखे लांब नसतात, त्यामुळे हाताने केलेल्या या हिशेबात कधी २८० तर कधी २८३ दिवस निघतात. माझ्या बाबतीत ते २८१ निघाले, आणि रोज एक-एक दिवस मोजणाऱ्या सोनोग्राफीच्या मशीनने नंतर त्याच पाळीवरून १६ मार्च ही तारीख छापली. एका दिवसाच्या या फरकाने माझा नवरा चांगलाच अस्वस्थ झाला. तो अभियंता आहे. दोन उपकरणे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देतात, हे त्याला पटत नाही.

त्याला न पटणारी दुसरी गोष्ट अशी, की तपासणीच्या दिवशी मॅडमच्या लेखी मला साडेसहा आठवडे होऊन गेले होते. त्याने बोटांवर मोजून पाहिले, ते काही केल्या जुळेना. कारण ही मोजणी पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि स्त्रीबीज त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी बाहेर पडते. म्हणजे ज्या चाळीस आठवड्यांना आपण गरोदरपण म्हणतो, त्यातले पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसते. गर्भधारणेचा नेमका दिवस फारच थोड्या जणींना ठाऊक असतो आणि पाळीची तारीख बहुतेकींना आठवते, म्हणून सोयीसाठी सगळ्या जगाने हा आरंभ मानला आहे.

अडचण होती ती ‘सुमारे दोन आठवडे’ या शब्दांत. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक स्त्रियांत साधारण चौदा दिवसांचा असतो. चक्र लांबते ते त्याच्या आधीचा भाग लांबल्यामुळे. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात बीज चौदाव्या दिवशी येत असेल, तर माझ्या चाळीस दिवसांच्या चक्रात ते सव्वीसाव्या दिवसाच्या आसपास येणार. चकतीला हे माहीत नसते. म्हणून मॅडमनी फाइलवर १७ मार्च लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले आणि सोनोग्राफीची घाई करायची नाही असे बजावले. पाळीच्या हिशेबाने सहा आठवडे झाले म्हणून मी लगेच सोनोग्राफीला गेले असते, तर खरा गर्भ जेमतेम साडेचार आठवड्यांचा असता, पडद्यावर फार तर एक रिकामी पिशवी दिसली असती, आणि ‘ठोके नाहीत, दहा दिवसांनी परत या’ हे ऐकून घरी परतावे लागले असते. पोटात एका बाजूला दुखले किंवा रक्त दिसले तर मात्र त्याच दिवशी यायचे, अशी ताकीद होती, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत राहिला असेल तर वाट पाहणे धोक्याचे असते.

इकडे सासूबाईंचा हिशेब स्वतंत्रपणे चालू होता. त्यांची पद्धत नऊ महिने नऊ दिवसांची. इंग्रजी महिन्यांनी मोजले तर १० जूनपासून ती तारीख १९ मार्चला पडते, म्हणजे नेगेलेसाहेब आणि आमच्या सासूबाई यांच्यात केवळ दोन दिवसांचे अंतर उरते. पण त्यांना तिथीने मोजायचे होते, आणि २०२३ साली श्रावण अधिक होता. ज्येष्ठातल्या वद्य सप्तमीपासून निघायचे, तर वाटेत येणारा अधिक श्रावण मोजायचा की वगळायचा? मोजला तर दिवस महाशिवरात्रीनंतर लगेच भरत होते, वगळला तर गुढीपाडवा उजाडत होता. “अगं, अधिकाला कशाला धरायचं, पाडव्यालाच होईल बघ,” असा निकाल त्यांनी दिला. पोटातल्या बाळाला अधिक महिना वगळता येत नाही, हे मी त्यांना सांगितले नाही.

सोनोग्राफी १२ ऑगस्टला झाली. दारातच मोठ्या अक्षरांत ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, हा कायद्याने गुन्हा आहे’ हा फलक होता, आणि आत जाण्याआधी फॉर्म एफ भरायचा होता: नाव, पत्ता, आधी किती मुले, त्यात मुलगे किती आणि मुली किती, तपासणी कोणत्या कारणासाठी, ओळखपत्राची प्रत, आणि बाळाचे लिंग जाणून घेण्याची माझी इच्छा नाही या निवेदनाखाली सही. देशभराचा कायदा १९९४ चा आहे. महाराष्ट्राने त्याआधीच, १९८८ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. पहिल्या खेपेच्या, सात आठवड्यांच्या गर्भासाठीही हा फॉर्म चुकत नाही आणि तो चुकू नये असेच माझे मत आहे, मात्र उलट्यांनी हैराण झालेल्या बाईला बसून लिहायला एक टेबल असते तर बरे झाले असते.

इतक्या लवकरची तपासणी योनिमार्गे करतात, त्यामुळे लघवी रोखून धरण्याची गरज नव्हती, उलट आधी मूत्राशय रिकामे करून यायला सांगितले. पडद्यावर काळ्या पिशवीत तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असा एक पांढरट ठिपका होता आणि त्याच्या मध्यभागी काहीतरी भराभर लुकलुकत होते. डॉक्टरांनी त्याच्या एका टोकावर अधिकचे चिन्ह ठेवले, दुसऱ्या टोकापर्यंत ठिपक्यांची रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. तीनदा मोजून सरासरी घेतली. डोक्यापासून ढुंगणापर्यंतची ही लांबी, तिला सीआरएल म्हणतात, १२ मिलिमीटर भरली. मशीनने त्यावरून वय सांगितले: ७ आठवडे ३ दिवस. पाळीच्या हिशेबाने त्या दिवशी बरोबर ९ आठवडे व्हायला हवे होते. अहवालावर एकाखाली एक दोन ओळी होत्या, पाळीनुसार १६ मार्च आणि सोनोग्राफीनुसार २७ मार्च.

नवऱ्याचा पहिला प्रश्न, बाळ अकरा दिवसांनी मागे पडले आहे का? ही शंका बहुतेकांना येते असे मॅडम म्हणाल्या. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळे जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात. आई उंच असो की ठेंगणी, वडील कसेही असोत, सात-आठ आठवड्यांच्या गर्भाच्या लांबीत त्याचा फारसा फरक पडत नाही, म्हणून या वयात लांबीवरून काढलेले वय पाच-सात दिवसांच्या आत खरे ठरते. नऊ ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान पाळीची आणि सोनोग्राफीची तारीख यांत सात दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तर सोनोग्राफीची तारीख धरायची. नऊ आठवड्यांच्या आत तर पाच दिवसांपेक्षा जास्त फरकही पुरेसा मानतात. माझा फरक अकरा दिवसांचा होता आणि चाळीस दिवसांच्या चक्राने तो आधीच सांगून ठेवला होता. मॅडमनी प्रश्नचिन्हासकट १७ मार्च खोडले, शेजारी २७ मार्च २०२४ लिहून त्याखाली सही केली, आणि म्हणाल्या, “आता ही तारीख शेवटपर्यंत बदलायची नाही. पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीत मशीन नवी तारीख छापेल, तिकडे बघायचं नाही.”

या वाक्याचे महत्त्व मला जानेवारीत कळले. त्याआधी, ही एक तारीख किती गोष्टींना आधार देते हे एकेक करून लक्षात येऊ लागले.

पहिली एनटी स्कॅन. बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारी ही तपासणी ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्याच काळात होते, आणि त्या वेळी बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असावी लागते. नव्या तारखेनुसार माझा हा काळ ६ ते २६ सप्टेंबर असा होता. जुन्या तारखेवर विसंबून ऑगस्टच्या शेवटी गेले असते, तर बाळ दहा आठवड्यांचेही नसल्यामुळे तपासणी न करताच परत पाठवले असते; हे त्रासाचे असले तरी निदान उघड दिसणारे आहे. डबल मार्करचे, म्हणजे बाळात डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याचा धोका पाहणाऱ्या रक्ततपासणीचे, तसे नाही. त्यात रक्तातल्या दोन घटकांचे प्रमाण त्या त्या दिवसाच्या गर्भाला अपेक्षित असलेल्या प्रमाणाशी ताडून पाहतात, त्यामुळे वय चुकीचे घातले तर धोक्याचा आकडाही चुकीचा येतो आणि तो चुकीचा आहे हे कोणाला कळत नाही. १९ सप्टेंबरला गणपती होते. सासूबाई गावी जाण्याच्या गडबडीत होत्या आणि प्रयोगशाळाही त्या दिवसांत कमी माणसांवर चालतात, म्हणून आम्ही आधीच्या शनिवारी, १६ तारखेला, दोन्ही उरकून घेतले. या वेळी मशीनने २६ मार्च छापले. एक दिवसाचा फरक. नवऱ्याने तो या वेळी शांतपणे सहन केला.

दुसरी, अठरा ते वीस आठवड्यांमधली ॲनोमली स्कॅन, जिच्यात हृदयाचे कप्पे, मणका, मूत्रपिंडे, ओठ असे सगळे अवयव पाहतात. तिच्यामागे कायद्याचा काटा असतो आणि त्याविषयी फारसे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ पासून २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि त्यापुढे गंभीर व्यंगाच्या प्रकरणात वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. काही गंभीर निघालेच, तर दुसरे मत घ्यायला, विचार करायला, आणखी तपासण्या करायला हातात किती दिवस उरतात हे त्या तारखेवर ठरते. आमची तपासणी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात झाली आणि सगळे व्यवस्थित निघाले, पण आदल्या रात्री आम्ही दोघांनी हा हिशेब कागदावर मांडून ठेवला होता आणि सकाळी तो कागद फाडला.

तिसरी गोष्ट रजेची. मी पुण्यात एका खाजगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करते, आणि ज्यांना माझ्या खात्याची कल्पना आहे त्यांना २७ मार्च या तारखेतला विनोद सांगायला नको. मार्च एंडला हिशेब विभागातली बाई बाळंतपणाच्या रजेवर, हे ऐकून आमचे साहेब काही वेळ काहीच बोलले नाहीत. तेव्हाच्या मातृत्व लाभ कायद्यानुसार पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळत होती, त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागत होते, आणि या २६ पैकी जास्तीत जास्त आठ आठवडेच अपेक्षित तारखेच्या आधी घेता येत होते. माझ्यासाठी ती मर्यादा ३१ जानेवारीपासून सुरू होत होती. परंतु एकूण रजा तेवढीच असल्यामुळे बाळंतपणाआधी घेतलेला प्रत्येक दिवस नंतरच्या दिवसांतून वजा होतो. प्रकृती साथ देत होती, म्हणून मी ११ मार्चपासून रजा मागितली. प्रमाणपत्रावर १७ मार्च राहिले असते, तर याच हिशेबाने मी फेब्रुवारीच्या अखेरीसच घरी बसले असते आणि तेवढे दिवस बाळाजवळून कमी झाले असते. मनुष्यबळ विभागातील बाईंनी प्रमाणपत्र पाहून विचारले, की यावर पाळीची तारीख १० जून आहे, मग प्रसूतीची तारीख जुळत कशी नाही? मॅडमनी प्रमाणपत्रात ‘पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीनुसार’ हे शब्द घातलेले होते, ते दाखवल्यावर काम झाले. ज्यांची पाळी लांबते त्यांनी हे शब्द प्रमाणपत्रात जरूर लिहून घ्यावेत.

चौथी गोष्ट माहेरची. पहिले बाळंतपण माहेरी, हा नियम आमच्याकडे कोणी मोडलेला नाही आणि माझे माहेर सांगलीला. डोहाळजेवण सातव्या महिन्यात करून लगेच मुलगी न्यायची, असा आईचा बेत होता. आता सातवा महिना म्हणजे कोणते आठवडे, यावर दोन्ही घरांत फोनवर चर्चा झाली, कारण चाळीस आठवड्यांना चारने भागले तर दहा महिने होतात आणि दहा महिने कोणालाच मान्य नव्हते. शेवटी पौष लागण्याआधी, डिसेंबरअखेरच्या रविवारी, पुण्यातच ओटी भरून घेतली. माहेरी जायचे तर साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत जायला हवे आणि तिथल्या डॉक्टरांकडे निदान दोन-तीन भेटी व्हायला हव्यात, असे मॅडमचे मत होते. मी तर अडतिसावा आठवडा लागेपर्यंत कामावर असणार होते. म्हणून आईच महाशिवरात्र करून पुण्याला आली, येताना डिंकाचे सामान, अळीव, बाळंतशेपा आणि जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी घेऊन. पहिले दोन दिवस आमच्या स्वयंपाकघरात दोन आयांना वावरायला जागा पुरत नव्हती. नंतर त्यांनी आपापसात पाळ्या लावून घेतल्या.

मधली तपासण्यांची वाट सरळ होती: धनुर्वाताच्या लशी, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली साखरेची तपासणी, जिची आठवण काढली तरी आजही जीभ चिकटते. जानेवारीच्या अखेरीस, बत्तीस आठवड्यांना, वाढ पाहण्यासाठी सोनोग्राफी झाली आणि अहवालात छापून आले: वय ३० आठवडे १ दिवस, अपेक्षित तारीख ९ एप्रिल. सासूबाईंनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. गुढीपाडवा. “मी काय म्हटलं होतं?” एवढेच त्या म्हणाल्या, पण त्या दिवशी त्यांनी हा अहवाल घरातल्या सगळ्यांना फोनवरून वाचून दाखवला.

मॅडमकडे गेल्यावर मी विचारले, मग तारीख पुढे गेली का? त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि जे समजावले, ते या संपूर्ण वर्षात मला कळलेल्या गोष्टींतले सर्वांत मोलाचे आहे. शेवटच्या तिमाहीत मशीन डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजते आणि या मापाचे बाळ सरासरीने किती आठवड्यांचे असते ते सांगते. पण तोवर बाळे एकमेकांपेक्षा वेगळी झालेली असतात. कोणी थोराड, कोणी चणीने लहान. त्यामुळे या वयात मापावरून काढलेल्या तारखेत तीन आठवड्यांपर्यंत चूक होऊ शकते. एवढ्यावर थांबत नाही. समजा पोटातले बाळ खरोखरच कुपोषित राहू लागले आहे, वार (प्लासेंटा) त्याला पुरेसे रक्त पुरवत नाही, तर ते मापाने लहान दिसेल, मशीन त्याचे वय कमी सांगेल, आणि आपण समाधानाने तारीख पुढे ढकलली तर ते बाळ त्या नव्या तारखेनुसार अगदी बेताचे, ठीक दिसू लागेल. जो धोका दिसायला हवा होता तोच तारीख बदलल्यामुळे झाकला जाईल. म्हणून पहिल्या तिमाहीतली तारीख पक्की ठेवायची आणि बाळ तिच्या तुलनेत कुठे आहे ते पाहायचे.

माझ्या बाळाचे वजन त्या दिवशी दीड किलोच्या आसपास, म्हणजे बत्तीस आठवड्यांच्या मानाने खालच्या बाजूला होते. मॅडमनी डॉप्लर करून वारेतला आणि नाळेतला रक्तप्रवाह पाहायला लावला, तो उत्तम होता, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा मापे घेतल्यावर बाळ आपल्याच गतीने वाढत असल्याचे दिसले. मी स्वतः जन्मले तेव्हा अडीच किलोचीच होते, ही माहिती आईने या टप्प्यावर दिली. ती आधी मिळाली असती तर काही रात्री झोप लागली असती. दुसऱ्या अहवालात मशीनने ५ एप्रिल छापले होते. आमच्याकडे आता चार वेगवेगळ्या तारखा छापलेले चार अहवाल होते आणि मॅडमच्या फाइलवर एकच तारीख होती.

होळी झाली, धुळवड झाली. २७ मार्च आला आणि गेला, काही झाले नाही. ठरलेल्या दिवशी जन्माला येणारे बाळ वीसातून एखादेच असते हे मी वाचलेले होते, तरी त्या दिवशी सकाळपासून मी बॅगेपाशी घुटमळत होते, आणि फोन तर विचारू नका. “झाली का?” या प्रश्नाला दिवसभर उत्तरे देण्याचे काम शेवटी नवऱ्याने घेतले. कार्यालयातूनही फोन आला. त्यांना एका नोंदीचे व्हाउचर सापडत नव्हते. मॅडमनी ठरवले होते, की बाळाची हालचाल चांगली आहे, पाणी पुरेसे आहे, तेव्हा ४१ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ३ एप्रिलपर्यंत थांबायचे, आणि तोवर कळा आल्या नाहीत तर दाखल करून औषधाने आणायच्या. त्या दिवसांत हालचालींवर लक्ष ठेवणे आणि एक दिवसाआड ठोक्यांचा आलेख काढून घेणे एवढेच काम होते.

रंगपंचमीच्या पहाटे, ३० मार्चला, कळा आपणहून सुरू झाल्या आणि संध्याकाळी मुलगी झाली. वजन २ किलो ७०० ग्रॅम. डिस्चार्ज कार्डावर ४० आठवडे ३ दिवस अशी नोंद झाली. १० जूनपासून मोजले असते तर त्या दिवशी बरोबर ४२ आठवडे भरले असते, आणि ४१ आठवड्यांचा नियम २३ मार्चलाच लागू होऊन मला होळीच्या आदल्या दिवशी दाखल करून कळा आणण्याचे औषध सुरू केले गेले असते, तेही अशा बाळासाठी जे खऱ्या हिशेबाने अजून चाळीस आठवड्यांचेही झालेले नव्हते. तयार नसलेल्या शरीरात औषधाने आणलेल्या कळा पुष्कळदा लांबतात.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, ती रुग्णालयाकडूनच महापालिकेत गेली, आणि जन्मदाखला रजेच्या अर्जाला जोडून दिला. २६ आठवड्यांतले जवळजवळ तीन आठवडे बाळाआधी खर्ची पडले होते. उरलेली रजा ८ सप्टेंबरपर्यंत होती.

सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत मॅडमनी टाके पाहिले, हिमोग्लोबिन पाहिले आणि पुढच्या मुलाचा विचार असेल तर किमान दोन वर्षे जाऊ द्या असे सांगून तोवरच्या साधनांविषयी विचारले. अंगावर पाजत असताना पाळी येत नाही, म्हणून दिवस राहणार नाहीत असे समजून चालू नका, कारण बाळंतपणानंतरचे पहिले स्त्रीबीज पहिल्या पाळीच्या आधीच बाहेर पडलेले असू शकते. आणि तसे झालेच, तर त्या वेळी मोजायला पाळीची तारीखच नसेल. तेव्हा शंका येताच तपासणी करून लवकरात लवकर सोनोग्राफीला या, असे त्यांनी फाइलच्या शेवटच्या पानावर लिहून दिले. ती फाइल मी पहिल्या सोनोग्राफीच्या अहवालासह जपून ठेवली आहे. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याची झेरॉक्सही काढून ठेवली आहे.